अर्ध्या दिवसाची शाळा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या काही शाळा विशेष शिक्षिका म्हणून माझ्याकडे आहेत. शाळाबाह्य मुलांच्या यादीत नाव दिसलं की घर हुडकत जायचं, पालकांशी बोलायचं आणि मूल जवळच्या शाळेच्या पटावर आणायचं. चिन्नाचं नाव असंच यादीत आलं. (चिन्ना हे घरातलं लाडाचं नाव, खरं सांगत नाही.) शेऱ्याच्या रकान्यात एवढंच होतं : ‘घरीच असतो.’

नऊ वर्षांचा पोरगा. स्वमग्नता (ऑटिझम) आहे, तसं प्रमाणपत्रही आहे. आधी दीड-दोन वर्षं एका खासगी इंग्रजी शाळेत होता. तिथं त्याला मागच्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून बसवायचे. दर दोन दिवसांनी घरी फोन. शेवटी ‘तुम्हीच काय ते बघा’ असं ऐकल्यावर आईनं दप्तर उचललं आणि त्याला घरी आणलं.

आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. खोलीत गेले तेव्हा आई, म्हणजे अक्का, मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. पत्र्याच्या मापानं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. बोलताना हात थांबत नव्हता. चिन्ना समोर फरशीवर. त्याच्यापुढे जुन्या दोऱ्यानं बांधलेले कागदी नळ्यांचे कट्टे. खऱ्या विड्यांना हात लावू देत नाही, असं अक्कांनी मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. एका कट्ट्यात पंचवीस नळ्या. तो तेलुगूत मोजत होता आणि पाटीवर मराठी आकडे लिहीत होता. चाळीस कट्टे झाले की हजार, कारण अक्कांची मजुरी हजारावर ठरते. पंचवीसचा पाढा त्याला चाळीसपर्यंत येत होता, उलटाही. दुसरीतलं वाचन येत होतं. शेंगाचटणीला किती शेंगा, किती तिखट, हे विचारल्यावर न अडखळता सांगत होता.

‘मुलांत मिसळायला शाळा हवी’ हे वाक्य आमच्या खात्यात इतक्यांदा म्हटलं जातं की मला आता त्याचा राग येतो. आधीच्या शाळेत तो कुणात मिसळला होता? उलट घरी राहून तो गल्लीतल्या प्रत्येक बाईला ओळखतो. कारखान्याच्या ब्रँचला विड्या द्यायला जाताना आईचा पदर धरून रांगेत उभा राहतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेलाही अक्का त्याला नेतात, पण भर दुपारी, गर्दी व्हायच्या आधी. पाळणे थांबलेले असतात, ते तो बघत बसतो. एवढं सगळं ही बाई कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय करत होती.

मग शाळेचा आग्रह कशाला? एक तर ती खोली. तंबाखूचा खकाणा सगळ्या हवेत, मला दहा मिनिटांत ठसका लागला. आणि दुसरं म्हणजे घरात सगळे त्याला सांभाळून घेणारे. त्याच्याशी बरोबरीनं भांडणारं कुणी नव्हतं.

पुण्या-मुंबईकडे ठरवून घरी शिकवणारे पालक असतात. त्यांची मुलं पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) परीक्षा देतात. त्यांच्याकडे वेळ असतो, पुस्तकं असतात, थेरपीला पैसे असतात. अक्कांकडे सूप आणि पाटी. कायद्यानं मात्र वाट दोघांना सारखीच दिलीय. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदाच्या मुलांना आहे, 2012 च्या दुरुस्तीनं अपंग मुलं त्यात स्पष्टपणे आली, आणि तीव्र किंवा बहुविकलांगता असेल तर घरी शिकण्याची सोयही आली. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा अठरा वर्षांपर्यंत जवळची शाळा किंवा विशेष शाळा निवडू देतो. चिन्ना ‘तीव्र’मध्ये बसत नाही. म्हणजे शाळा हाच त्याचा हक्क. हे मी अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “हक्क आहे मॅडम, पण माझं पोरगं घरी वेडं नाही. शाळेत गेलं की वेडं होतं.”

एक दिवस बघू, यावर त्या तयार झाल्या.

महापालिकेची शाळा, चौथीचा वर्ग. बाईंनी त्याला दाराजवळची जागा दिली. पहिला तास बेरजांचा. त्यानं मान खाली घालून सगळ्या सोडवल्या. बाईंनी “तुझं नाव काय?” विचारलं, त्यानं “तुझं नाव काय?” असंच परत म्हटलं. पोरं हसली, पण खेळीमेळीनं. अक्का व्हरांड्यात बसल्या होत्या.

आणि तास संपल्याची घंटा झाली. लोखंडी पट्टीवर हातोडीचे टोले, तेही वर्गाच्या दारालगत. चिन्ना कान दाबून बाकाखाली गेला आणि तिथून बाहेर पळाला. व्हरांड्यात सगळ्यांच्या चपला विखुरलेल्या. तो तिथं बसला आणि जोड्या लावायला लागला. डावी, उजवी, डावी, उजवी, फरशीच्या रेषेवर. श्वास हळूहळू ताळ्यावर आला. मी बाईंना खुणेनं सांगितलं, असू द्या.

मधल्या सुट्टीपर्यंत ओळ जवळजवळ पुरी झाली होती. खिचडीसाठी पोरं धावत सुटली. एकानं “का बे, माझी चप्पल कुठं टाकली?” म्हणत लाथेनं ओळ उडवली. चिन्नानं त्याच्या मनगटाला चावा घेतला. आरडाओरडा, रडारड. रक्त आलं नव्हतं, वळ मात्र उठले होते.

मुख्याध्यापक माणूस वाईट नाही. दोन वर्गांना एक शिक्षक अशी त्यांची ओढाताण चाललेली. “मॅडम, उद्या त्या पोराचा बाप माझ्या दारात येतो. घरीच ठेवा की याला, तुमचं ते गृहशिक्षण असतंय ना?” मी कायद्याची कलमं काढायच्या बेतात होते. तेवढ्यात अक्का उठून आत आल्या.

“चावणं नंतरचं, सर. आधी घंटा. आमच्या शेजारी रात्रंदिवस माग चालतात, त्याला काही होत नाही. तो खडखडाट एकसारखा असतो. घंटा एकदम येते. घरी कुकरची शिट्टी होणार असली की मी आधी सांगते, तीन होतील म्हणून. तो बोटावर मोजतो.”

सर गप्प. मीही. एवढी नेमकी नोंद माझ्या एकाही फॉर्ममध्ये नसते. चावा खाल्लेला पोरगा हळद लावून तिथंच उभा होता. तो म्हणाला, “सर, ओळ मी उडवली होती. तो लावत होता.” बापाला काय सांगशील, असं सरांनी विचारल्यावर म्हणाला, “खेळताना लागलं म्हणीन.” सरांनी त्याला खोटं बोलायचं नाही म्हणून दटावलं; मला हसू आवरेना.

मग ठरवाठरवी. नाव पटावर. सध्या मधल्या सुट्टीपर्यंतच शाळा, पुढचं घरी. मी आठवड्यातून एकदा घरी, एकदा वर्गात. घंटेच्या आधी शिपाईमामा दारात येऊन किती टोले पडणार ते बोटांनी दाखवतील. चपलांची ओळ ही वर्गाची पद्धत, सगळ्यांनीच लावायची. ही शेवटची कल्पना चौथीच्या बाईंची.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. पहिले काही आठवडे आईनं व्हरांड्यात बसावं, असं सरांचं म्हणणं. अक्कांनी बोटांवर हिशोब केला. रोजचे तीन तास म्हणजे विड्या किती कमी, मजुरी किती कमी. मोफत शाळा त्यांना अशी महाग पडत होती. मदतनीस भत्त्याची तरतूद सरकारी योजनेत आहे, पण त्यातून ती मजुरी भरून निघत नाही. व्हरांड्यात सूप घेऊन बसू का, असं त्यांनी विचारलं. तंबाखू शाळेत चालणार नाही, सर म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

“नुसती पानं कापते मग,” अक्का म्हणाल्या. “भरणं-वळणं घरी. आणि मजुरीच्या हप्त्याच्या दिवशी आम्ही येणार नाही, ते आत्ताच लिहून घ्या.”

सरांनी रजिस्टर उघडून लिहून घेतलं.