११४७ नंबरच्या दोन पावत्या

दिवाळीनंतरचा आठवडा. धरणगाव-अमळनेर पट्ट्यातल्या एका जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली आणि आत मुनीमजींच्या टेबलावर दोन पावत्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. "भाऊ, एकच नंबरन्या दोन पावत्या शेतस!" एक पिकअपची: भरलं वजन ३,१४० किलो, रिकामं १,८६०, निव्वळ १,२८०, ओलावा ९ टक्के. दुसरी बैलगाडीतून आलेल्या गाठोड्यांची, निव्वळ १६५ किलो. दोन्हींवर नंबर ११४७ आणि तारीखही त्याच सकाळची.

पहिला संशय अर्थातच डेटाबेसवर गेला. पण बोलता बोलता मुनीमजी म्हणाले की आज सकाळपासून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काट्याचं वजन आपोआप येत नाही, हातानं टाकावं लागतं. काट्याजवळच्या केबिनमध्ये नवीन टॅब लावलाय, तिथे मात्र वजन व्यवस्थित येतं. आणि टॅबवर ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा पत्ता उघडला की त्याच पासवर्डनं पुन्हा लॉगिन करावं लागतं. या दोन गोष्टी ऐकल्यावर डेटाबेस बाजूला ठेवला आणि हे सगळं चालवणाऱ्या टॉमकॅट या वेब सर्व्हरची मुख्य सेटिंगची फाइल, सर्व्हर.एक्सएमएल, उघडली.

मांडणी साधी होती. उबुंटू लिनक्सवर टॉमकॅट ९, त्याच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये काटा.वॉर (एका फाइलीत बांधलेलं पावत्यांचं ॲप्लिकेशन), त्यामुळे ॲप्लिकेशन उघडायचं ८०८० पोर्टवर, पत्त्याच्या शेवटी /काटा जोडून. टॅबवर एवढं टाइप करायला नको, नुसता सर्व्हरचा पत्ता टाकला की काटा उघडावा, ही मालकांची मागणी. आदल्या रात्री कुणीतरी ती एका ओळीत पूर्ण केली होती. सर्व्हर.एक्सएमएलमधल्या होस्टच्या आत एक कॉन्टेक्स्ट, म्हणजे ॲप्लिकेशनची नोंद, घातला: त्याचा पाथ (पत्ता) रिकामा, डॉकबेस (फोल्डर) काटा. टॉमकॅट रीस्टार्ट केलं, टॅबवर पान उघडलं, काम झालं.

झालं असं वाटलं, एवढंच. त्या ओळीनं एका ॲप्लिकेशनला दोन पत्ते मिळत नाहीत, ॲप्लिकेशनच दोन होतात. सर्व्हर.एक्सएमएलमधला कॉन्टेक्स्ट टॉमकॅट आधी चालू करतं. त्यानंतर वेबॲप्स फोल्डर तपासलं जातं, तिथे काटा.वॉर दिसते आणि ती /काटा या नावानं वेगळी लावली जाते. फोल्डर एकच, पण दोन क्लासलोडर (कोड मेमरीत आणणारे), दोन सेशनसाठे (लॉगिनच्या नोंदी), मेमरीतले सामाईक आकडे म्हणजे स्टॅटिक व्हेरिएबलसुद्धा दोन. पुन्हा लॉगिन लागत होतं ते याचमुळे: ब्राउझरमध्ये लॉगिन ओळखणाऱ्या जेसेशनआयडीच्या दोन कुकी होत्या, एकीचा पाथ नुसता /, दुसरीचा /काटा.

काट्याच्या इंडिकेटरची सिरियल केबल सर्व्हरला एकच. पहिली प्रत, म्हणजे टॅबवरची, आधी उठली, तिनं त्या केबलचा पोर्ट धरला. दुसरीला तो व्यस्त मिळाला. तिनं लॉगमध्ये तक्रार लिहिली आणि हाताने वजन टाकायचा फॉर्म दाखवला. पावतीचा पुढचा नंबर हे ॲप्लिकेशन चालू होताना डेटाबेसमधून एकदाच वाचतं आणि पुढे मेमरीतच वाढवत जातं. रात्री दोन्ही प्रतींनी ११४६ वाचला, सकाळी दोघींनी ११४७ दिला. नंबर दर हंगामात १ पासून सुरू होतो म्हणून टेबलवर तोच नंबर दुसऱ्यांदा येऊ न देणारा युनिक इंडेक्सही ठेवलेला नव्हता. हंगाम आणि नंबर या दोन रकान्यांवर मिळून तो लावता आला असता. तो असता तर दुसरी पावती छापलीच गेली नसती.

खात्रीसाठी ॲप्लिकेशनचा लॉग पाहिला. 'काटा सेवा सुरू' ही ओळ एकाच रीस्टार्टमध्ये दोनदा आली होती, मध्ये काही सेकंदांचं अंतर. याहून वेगळा पुरावा लागत नाही.

दुरुस्ती दुपारी, हमाल जेवायला बसले तेव्हा. आधी डेटाबेसचा डंप आणि टॉमकॅटच्या सेटिंगच्या फोल्डरची नक्कल घेतली. मग टॉमकॅट बंद केलं. सर्व्हर.एक्सएमएलमधली ती ओळ काढली. कॉन्टेक्स्ट तिथेच ठेवायचा हट्ट असेल तर डॉकबेस वेबॲप्सच्या बाहेर न्यावा लागतो, नाहीतर ॲप्लिकेशन आपोआप लावणारे ऑटोडिप्लॉय आणि डिप्लॉयऑनस्टार्टअप हे दोन्ही बंद करावे लागतात. पण त्या फाइलमधला प्रत्येक बदल अख्खं टॉमकॅट रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाही. त्यापेक्षा वॉरचंच नाव रूट.वॉर ठेवणं मला बरं वाटतं: त्या नावाचं ॲप्लिकेशन नुसत्या पत्त्यावर उघडतं आणि पुढच्या माणसाला फोल्डर उघडताक्षणी कळतं. मात्र रूट ही चारही अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्येच हवीत. लिनक्सवर लहान अक्षरांत लिहिलं तर /रूट नावाचं एक वेगळंच ॲप्लिकेशन तयार होतं.

जुनं काटा फोल्डर उडवण्याआधी आत डोकावलो ते बरं झालं. हंगामातल्या सगळ्या पावत्यांच्या पीडीएफ त्यातच साठलेल्या होत्या. वॉर उलगडून तयार झालेलं फोल्डर टॉमकॅटच्या मालकीचं. नवी वॉर टाकली की ते पुसून पुन्हा बनवतं. म्हणजे पुढच्या पहिल्याच अपडेटला पावत्या गेल्या असत्या. त्या वेबॲप्सबाहेर /एसआरव्ही या फोल्डरखाली हलवल्या आणि ॲप्लिकेशनला नवी जागा सांगितली.

त्याआधीपासून वेबॲप्समध्ये रूट नावाचं फोल्डर होतंच, उबुंटूच्या पॅकेजबरोबर येणारं, 'टॉमकॅट नीट बसलं, अभिनंदन' म्हणणारं. तेही बाहेर काढावं लागतं. ते तसंच ठेवून शेजारी रूट.वॉर टाकली तर टॉमकॅट वॉर उलगडतच नाही. फोल्डर आधीचंच आहे आणि त्यात वॉरची वेळ नोंदवणारी वॉर-ट्रॅकर फाइल नाही, म्हणजे काही बदललेलं नाही, असं ते धरून चालतं. लॉगमध्ये लाल अक्षर एक नाही, आणि पडद्यावर अभिनंदन. यात लोकांचा अर्धा अर्धा दिवस जातो.

चालू केलं आणि टॉमकॅटच्या कॅटॅलिना नावाच्या मुख्य लॉगमध्ये ओळ आली: कॉन्टेक्स्ट, मग रिकामा चौकोनी कंस, मग स्टार्टअप फेल्ड. कंस रिकामा दिसतो कारण रूटचं नावच रिकामं असतं. नाव छापायचं राहिलं असं समजू नये. खरं कारण या फाइलमध्ये बहुधा मिळत नाही, लोकलहोस्ट नावाच्या त्या दिवसाच्या लॉगमध्ये मिळतं. तिथे लिहिलं होतं: रीड-ओन्ली फाइल सिस्टिम. परवानग्या तर टॉमकॅटच्याच नावावर होत्या. पण उबुंटूच्या पॅकेजमधली सिस्टिमडीची (सेवा चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेची) फाइल प्रोटेक्टसिस्टिम स्ट्रिक्ट ठेवते, म्हणजे लिहायला मोजकीच फोल्डरं मोकळी असतात. तिच्या ओव्हरराइड फाइलमध्ये /एसआरव्ही साठी रीडराइटपाथ्सची एक ओळ वाढवली, डेमन-रीलोड करून टॉमकॅट पुन्हा चालू केलं, मग ॲप्लिकेशन उठलं.

पान उघडलं पण अंगावर कपडे नाहीत, नुसती अक्षरं. पानं बनवणाऱ्या तीन जेएसपी फाइलींमध्ये सजावटीच्या फाइलींचा /काटा/सीएसएस असा पत्ता हातानं लिहिलेला. तिथे ॲप्लिकेशनचा चालू पत्ता देणारं गेटकॉन्टेक्स्टपाथ घातलं. रूटमध्ये हे नुसतं रिकामं अक्षर देतं, त्यामुळे 'मुख्य पान'ची लिंक फक्त त्याच्यावर बेतली असेल तर ती आहे तेच पान पुन्हा उघडते. शेवटी एक / लावावाच लागतो.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जुनाच बुकमार्क राहणार हे गृहीत धरून होस्टवर पत्ता बदलणारा रीराइट व्हॉल्व्ह बसवला: /काटा ने सुरू होणारा पत्ता आला की तेवढा भाग काढून पुढे पाठवायचा. ३०२ (तात्पुरता बदल) ठेवला, ३०१ (कायमचा) नाही. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि उद्या /काटा परत हवं झालं तर प्रत्येक मशीनवर जाऊन कॅश पुसत बसावं लागतं. जुन्या बुकमार्कसाठी ८०८० चा कनेक्टर तसाच ठेवून ८० पोर्टवर आणखी एक कनेक्टर जोडला. या पॅकेजमध्ये १०२४ खालचा पोर्ट उघडायची मुभा टॉमकॅटला दिलेली असते, म्हणून पुढे एन्जिनएक्ससारखा दुसरा वेब सर्व्हर उभा करायची गरज पडली नाही.

युनिक इंडेक्स लावायला गेलो तर डेटाबेसनं नकार दिला. सकाळपासूनच्या सात जोड्या आत होत्या. मुनीमजींनी ऑफिसच्या सातही पावत्यांवर लाल पेनानं नंबरापुढे 'अ' लिहिला, मी टेबलात त्याच सात नोंदी नव्या नंबरांवर नेऊन शेऱ्यात जुना नंबर टाकला, आणि साडेतीनला फाटक उघडलं.