फुगडी, झिम्मा आणि 374 अंशांच्या पुढचं पाणी

माझा मावसभाऊ कोराडीच्या वीज केंद्रात 660 मेगावॅटच्या युनिटवर आहे. मागे फोनवर बोलताना तो सहज म्हणाला, ताई, आमच्या बॉयलरला ड्रमच नाहीये. जुन्या बॉयलरला वर एक मोठा ड्रम असतो, त्यात पाणी खाली आणि वाफ वर असं वेगळं होतं. या नव्या युनिटला सुरू करताना तेवढा सेपरेटर लागतो, एकदा लोड चढला की तोही कोरडा पडतो कारण वेगळं करायला काही उरतच नाही. हे ऐकून मला जो आनंद झाला तो त्याला फोनवर धड सांगता आला नाही, म्हणून इथे लिहितेय.

374 अंश सेल्सिअस आणि साधारण 221 बार (घरच्या कुकरात 2 बारच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या) याच्या पुढे गेलं की, भावाच्या बॉयलरमध्ये जातं तसं, पाणी आणि वाफ हा भेदच संपतो, उकळणं नाही, बुडबुडे नाहीत, पृष्ठभाग नाही. त्या बिंदूवर (याला क्रिटिकल बिंदू म्हणतात) घनता नेहमीच्या पाण्याच्या एक तृतीयांश होते. 1822 मध्ये फ्रान्सच्या कान्यार द ला तूरने बंदुकीच्या नळीत द्रव आणि एक गोटी घालून नळी बंद केली, तापवली आणि हलवून आवाज ऐकत बसला. एका तापमानानंतर गोटी द्रवातून जाताना होणारा आवाज बंद झाला! मला हा प्रयोग फार आवडतो, नुसत्या कानाने पकडलंय त्याने.

पण माझा जीव अडकलाय तो आत रेणू काय करतात यात. साध्या पाण्यात प्रत्येक रेणू शेजारच्या साडेतीन-चार जणांना हायड्रोजन बंधांनी, म्हणजे एकाच्या हायड्रोजनला दुसऱ्याच्या ऑक्सिजनची ओढ असते त्याने, धरून असतो. आता याला वळायचं असेल तर कसं वळणार? लागे आणि हाइन्स यांनी 2006 मध्ये दाखवलं की तो हळूहळू सरकत वळत नाही, एक हात सोडतो आणि झटक्यात दुसऱ्याचा धरतो, साधारण 60 अंशांची उडीच. दिशा बदलायला एकदोन पिकोसेकंद (सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाला पिकोसेकंद म्हणतात) जातात, कारण नवा जोडीदार समोर यायची वाट बघावी लागते. फुगडी घालताना हात घट्ट धरलेले असतात तसं, मधेच गिरकी घेता येत नाही.

सुपरक्रिटिकल, म्हणजे त्या क्रिटिकल बिंदूच्या पुढच्या पाण्यात हीच दिशा शंभराहून कमी फेमटोसेकंदांत बदलते (हजार फेमटोसेकंदांचा एक पिकोसेकंद). जपानमध्ये माट्सुबायासी, नाकाहारा वगैरेंनी जड पाण्यावर (साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असलेलं पाणी) एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपायचं तंत्र, लावून हे मोजलं. मग प्रश्न येतोच की हात सुटलेत का?

1993 मध्ये न्यूट्रॉन वापरून केलेला एक पेपर 'नेचर'मध्ये आला, त्यांचं म्हणणं 400 अंशांला बंध जवळजवळ दिसतच नाहीत. यावर बरंच वाजलं. 1997 मध्ये हॉफमन आणि कोनराडी यांनी एनएमआरने सांगितलं की नाही, 400 अंश आणि 400 बारला साध्या पाण्याच्या सुमारे 29 टक्के बंध शिल्लक आहेत. न्यूट्रॉनवाल्यांनीही आपला डेटा परत तपासला आणि त्यांचा सूर बराच मवाळ झाला.

मी वर्षानुवर्षं बीएस्सीच्या मुलांना हेच सांगत आले, बंध कमी होतात पण संपत नाहीत. मग 2020 मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या शीनबाइन आणि मार्क्स यांचा पेपर वाचला आणि मी थबकले. ते म्हणतात नुसते मोजू नका, टिकतात किती ते बघा. दोन रेणू बंधाने बांधलेत म्हणायचं तर ती जोडी निदान एकदा तरी पुढेमागे कंप पावली पाहिजे ना, साध्या पाण्यात त्या कंपनाला साधारण 170 फेमटोसेकंद लागतात. सुपरक्रिटिकल पाण्यात गाठ त्याआधीच सुटते. म्हणजे ही फुगडी नाहीच, हा झिम्मा आहे! मंगळागौरीला आम्ही खेळायचो तसा, टाळी दिली की पुढची, टाळी दिली की पुढची. फोटो काढला तर हाताला हात लागलेले दिसतीलच, म्हणून मोजणाऱ्यांचं 29 टक्केही खोटं नाही. पण त्याला धरणं म्हणत नाहीत. मला हे पटलंय, आणि यावर्षीपासून वर्गात मी आकड्याआधी वेळ सांगते.

परवा भावाचा परत फोन, मग मिठाचं काय गं? साधं पाणी मीठ विरघळवतं कारण रेणू मिळून तोंडं वळवून आयनांना घेरतात, डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे आयनांमधली ओढ पाणी किती पट कमी करतं तो आकडा, 78 च्या आसपास असतो. क्रिटिकल बिंदूपाशी तो 6 वर येतो, तेल विरघळायला लागतं आणि मीठ बाहेर पडतं. तो म्हणाला म्हणूनच डीएम प्लांटवाल्यांच्या (बॉयलरच्या पाण्यातले क्षार काढणाऱ्यांच्या) मागे एवढं लागतात, ड्रम नाही म्हणजे ब्लोडाउनने, थोडं पाणी बाहेर सोडून, घाण काढायची सोय नाही, पाण्यात जे येईल ते ट्यूबमध्ये नाहीतर थेट टर्बाइनच्या ब्लेडवर जाऊन बसणार.

पुढच्या खेपेला कंट्रोल रूम दाखवतो म्हणालाय. मला तिथे तो एकच पडदा बघायचाय, जिथे दाब 221 च्या वर चढलेला दिसतो आणि सेपरेटरची लेव्हल शून्य.