तुम्ही विचारलंत म्हणून: लिपी एकच, मग भाषा वेगळी का नोंदवायची?

मी मराठीत लिहितो, कोकणीतही लिहितो, आणि काहीही ऑनलाइन टाकण्याआधी त्याची भाषा कुठली ते सेटिंगमध्ये निवडतोच. त्यावरून इथे गोव्यात फोंडा म्हणू नका, म्हापसा म्हणू नका, जो भेटेल तो विचारतो की अहो अक्षरं तर तीच, वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं, मग हा खटाटोप कशाला?

वाचणाऱ्याला कळतं, खरंय. पण मजकूर माणसाच्या आधी मशीनकडे जातो आणि मशीनला आधी दिसते ती लिपी. देवनागरी म्हणजे मराठी, कोकणी, हिंदी, नेपाळी, संस्कृत, काहीही असू शकतं. मग ते अक्षरांच्या जोड्या बघून अंदाज बांधतं, लेख मोठा असला तर बहुतेक जमतं, पण दोन ओळींत अंदाजाला आधार तो काय मिळणार? आणि चुकतं तेव्हा पुष्कळदा मोठ्या भाषेकडे झुकतं, कारण शिकताना तिचाच मजकूर जास्त मिळालेला असतो. म्हणजे मराठी हिंदीत जमा आणि 'हांव काल बाजारांत गेल्लों' असं स्वच्छ कोकणी वाक्य मराठीत जमा. पुढे कोणी फक्त कोकणी शोधायला गेलं तर ते सापडणारच नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ऐकून वाचणाऱ्यांची. ज्यांना दिसत नाही ते स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतात आणि तो कुठला आवाज लावायचा हे बऱ्याचदा या नोंदीवरूनच ठरवतो. हिंदी आवाजाने मराठी वाचली की 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च सारखाच होतो, आपल्याला दोन वेगळे च आहेत हे त्या आवाजाला कुठून माहीत असणार? असा अख्खा लेख ऐकायचा म्हणजे शिक्षा आहे हो. वेबवरच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांत म्हणूनच पानाची भाषा सांगा असं आहे आणि मधेच भाषा बदलली तर तो तुकडासुद्धा वेगळा सांगा असं आहे. शिवाय काही फॉन्टमध्ये भाषा मराठी सांगितली तरच ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे.

आता गोव्यातली खरी अडचण. इथे भाषेचं नाव घेतलं की माणूस विचारतो, तू कुठल्या बाजूचा, मराठीच्या की कोकणीच्या? 1987 च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीही वापरता येते, त्याआधी 1975 साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, 1992 मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, आणि एवढं होऊनही चहाच्या टेबलावर वाद चालूच असतो. मी म्हणतो वाद घाला, पण ही नोंद त्यात ओढू नका. ती लिहिणाऱ्याच्या निष्ठेबद्दल काही सांगत नाही, समोरचा मजकूर कुठल्या भाषेत आहे एवढंच सांगते. बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिल्या, तेव्हा कवी एक असला तरी नोंद कवितेगणिकच करावी लागेल ना. मशीनसाठी प्रत्येक भाषेला एक छोटा ठरलेला कोड असतो, मराठीचा आहे एम-आर, कोकणीचा के-ओ-के, दोन अक्षरी कोड कोकणीला मिळालेलाच नाही, त्यामुळे साइटवर भाषा निवडायच्या यादीत कोकणी दिसली नाही तर मराठी निवडून मोकळे होऊ नका, साइटवाल्यांना लिहा की ती यादीत घाला.

रोमी लिपीतली कोकणी तर बिचारी अजूनच अडते, इंग्रजी अक्षरं दिसली की लोक सरळ इंग्रजी निवडतात. अहो, कोडला लिपीचा तुकडा जोडायची सोय आहे, के-ओ-के लिहून पुढे रोमन लिपीचा एल-ए-टी-एन. तुम्ही मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करता तिलाही हेच लागू, तिथे एम-आरच्या पुढे तोच तुकडा.

आणि सरमिसळ असली तर? वर मी मराठीत लिहिता लिहिता एक कोकणी वाक्य घातलं, तेव्हा अख्खा लेख मराठी आणि तेवढं वाक्य कोकणी. अर्धंअर्धं असेल तर ज्या भाषेत तुम्ही मुद्दा समजावताय ती मुख्य धरा. आणि तुमच्या साइटवर लेखाला एकच भाषा निवडता येत असेल तर दोन लेख करा, एक मराठी, एक कोकणी. मी तसंच करतो.