तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्या गालाचं काय?

शाळेत होते तेव्हा स्टाफरूममध्ये, आता निवृत्तीनंतर सोसायटीच्या बाकावर, प्रश्न तोच असतो. "मॅडम, तुमच्यात म्हणे एका गालावर मारलं की दुसरा पुढे करायचा. खरंच जमतं का हो?" विचारणारा बहुतेक वेळा हसत असतो. कधीकधी मात्र त्याचंच भावाशी नाहीतर जावेशी काहीतरी बिनसलेलं असतं, आणि तो उत्तरासाठी थांबतो. त्या थांबणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

आधी गालाचं उरकून टाकते. वचन आहे, बायबलमध्ये मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, नाकारत नाही. पण योहानाच्या शुभवर्तमानात येशूला पकडून प्रमुख याजकापुढे उभं करतात, तेव्हा एक शिपाई खरोखरच त्याच्या थोबाडीत मारतो. तिथे येशू काय करतो? विचारतो, माझं काही चुकलं असेल तर दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? शिवी नाही, शाप नाही, पण जाबही सोडलेला नाही. आणि काही तासांनी क्रुसावरून, "हे बापा, त्यांना क्षमा कर." उत्तम शुक्रवारी आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते, क्रुसावरच्या सात उद्गारांवर. त्यातला हा पहिला. मला तरी हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवल्याशिवाय क्षमा कळत नाही.

आमचं घर नगर जिल्ह्यातलं. (नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच बसलंय.) अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून ख्रिस्ती झालेली कुटुंबं आमच्या भागात पुष्कळ. दिवेलागणीला सतरंजी पसरली की घरची प्रार्थना. आधी 'उपासना संगीत'मधलं एखादं पद, बहुतेक वेळा ना. वा. टिळकांचं, मग एक अध्याय, मग एकेकाने आपापल्या शब्दांत प्रार्थना करायची. ताट त्यानंतरच वाढलं जायचं, त्यामुळे ज्या काकांची प्रार्थना उत्पत्तीपासून सुरू व्हायची त्यांच्यावर आम्हा मुलांचा भारी राग. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. तीत एक वाक्य आहे: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." म्हणजे आपल्याला किती माफी मिळावी याचं माप आपणच देवाच्या हातात द्यायचं. ही प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू तिच्यातल्या एकाच मागणीवर पुन्हा बोलतो, ती हीच. भाकरीवर नाही, मोहावर नाही.

रोज म्हणायची गोष्ट जिभेला सवयीची होते, अर्थ मागे राहतो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण आमच्या घरी त्या वाक्याला एकदा चांगलाच अर्थ आला.

बाबांच्या एका चुलतभावाने बांध कोरला. एका वर्षात नाही, दर नांगरटीला वीतभर, शेताच्या वरच्या अंगाला. बाबा आधी दोनदा त्याच्या घरी जाऊन बोलले. मग गावातली दोन माणसं घेऊन गेले. मग मोजणीचे पैसे भरले. मोजणीदार आला, खुणा रोवल्या, चुलतभाऊ वावराच्या कडेला उभा राहून अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं बोलत होता. त्या संध्याकाळी बाबांनी प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं, त्याच्या म्हशीचंसुद्धा, कारण ती आजारी होती. मी तेव्हा आठवीत, तोंडाळ. विचारलं, "माफच करायचं होतं तर मोजणी कशाला आणली?" बाबा म्हणाले, "मी त्याला माफ केलंय, बांधाला नाही." पुढे त्याची बायको, आमची काकू, बाळंतपणात अडली तेव्हा मिशनच्या दवाखान्यात डबा आमच्याच घरून जायचा. आई दोन्ही वेळेला भाकरी थापायची आणि थापताना पुटपुटायची. ती प्रार्थना होती की तक्रार, हे विचारायची आमची छाती नव्हती. बहुधा दोन्ही असावं, आणि देवाला दोन्ही चालत असावं. काका त्यानंतरही बाबांशी नीट बोलले नाहीत. बांध मात्र जागेवर राहिला, आणि त्यांचं नावही आमच्या प्रार्थनेत राहिलं.

मोठी उदाहरणं सांगायला मी जरा बिचकते, कारण लोक लगेच "ते संतमाणसं हो" म्हणून मोकळे होतात. तरी एक सांगते. 25 फेब्रुवारी 1995 रोजी मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांना बसच्या प्रवासात भोसकून मारलं. त्या मूळच्या केरळच्या. उदयनगर भागातल्या आदिवासींना सावकाराच्या पाशातून सोडवायला एकत्र करत होत्या, ते काहींना खुपलं. मारेकरी समंदरसिंग, त्याला जन्मठेप झाली. 2002 साली राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. राखी काही आमच्या शास्त्रातला विधी नव्हे. पण त्याला समजेल असं तिने काहीतरी निवडलं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पुढे राणी मारियांच्या घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी रदबदली केली आणि 2006 मध्ये तो सुटला. आम्ही प्रॉटेस्टंट, त्या कॅथलिक, 2017 मध्ये इंदूरला त्यांना 'धन्यवादित' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तो मान आमच्या परंपरेत नाही. माझं लक्ष मधल्या सात वर्षांकडे जातं. राखी दुसऱ्या दिवशी बांधली गेली नाही. आणि ती बांधली तेव्हा तो गजाआड होता, शिक्षा भोगत होता.

आता जरा रागाने लिहिते. नवरा मारतो म्हणून एखादी बाई मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, वडीलधाऱ्यांकडे जाते आणि तिला ऐकवलं जातं, "क्षमा कर बाई, सत्तर वेळा सात." कितीदा क्षमा करायची, याला येशूने दिलेलं हे उत्तर. वचन पाठ असतं, अध्याय वाचलेला नसतो. मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायात, थोडंसंच वर, अपराध करणाऱ्याचं काय करायचं ते ओळीने सांगितलंय: आधी एकट्याने त्याला त्याचा दोष दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना साक्षीला ने, तरी ऐकलं नाही तर सगळ्या मंडळीला सांग. बाबांनी बांधाच्या वेळी नेमकं हेच केलं होतं. बांधाला जो न्याय, तो बाईच्या पाठीला नको?

आमच्या महिला मंडळात अशी कोणी आली तर आधी ती आमच्यापैकी कोणाच्या तरी घरी राहते, मग कोणीतरी तिच्याबरोबर पोलीस चौकीत जातं. तिच्या नवऱ्यासाठी प्रार्थना करतोच, नाव घेऊन. ती प्रार्थना तिने करावी असा आग्रह धरत नाही. तिला जमेल तेव्हा ती करेल, तोवर आम्ही करतो.