आईने सांगाड्याला हात जोडले

वेल्समधल्या पार्ट्रिशोच्या चर्चमध्ये काल आईने भिंतीवरच्या सांगाड्याला हात जोडले. मान लववून, डोळे मिटून, देवळात करते तसा रीतसर नमस्कार. तेव्हापासून मला काहीतरी टोचतंय आणि ते नेमकं काय ते कळत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

तिला तिथे न्यायचं फार दिवस मनात होतं. ब्लॅक माउंटन्समध्ये, ग्रुइनी व्हाउर नदीच्या दरीवर, डोंगराच्या उताराला धरून उभं असलेलं एवढंसं चर्च. जाताना एकच गाडी मावेल असा रस्ता, दोन्ही बाजूंना उंच कुंपण. आधी खाली झऱ्यावर थांबलो. इस्सुई नावाचा साधू इथे राहायचा. ज्या वाटसरूला त्याने आसरा दिला त्यानेच त्याला मारलं, अशी कथा आहे. पुढे या पाण्याने एका यात्रेकरूचा कुष्ठरोग बरा झाला आणि त्याने मागे ठेवलेल्या सोन्यातून वर चर्च उभं राहिलं, म्हणतात. झऱ्याजवळच्या झाडाला लोकांनी फिती बांधल्या आहेत, दगडांवर नाणी ठेवली आहेत. आईला काही सांगावं लागलं नाही. तिने वाकून पाणी डोळ्यांना लावलं आणि चढायला लागली.

मला तिला दाखवायचा होता तो आतला लाकडी पडदा. रूड स्क्रीन. लोकांची बसायची जागा आणि पाद्र्याची वेदीची जागा यांच्यामध्ये आडवा उभा, वर माळा, माळ्याच्या कठड्यावर जाळीसारखं कोरीवकाम. साधारण 1500 सालचं ओक लाकूड, रंग न दिलेलं. एका टोकाला ड्रॅगन आहे, त्याच्या तोंडातून द्राक्षाचा वेल निघतो आणि पानं-घोस लेवून सबंध रुंदीभर धावत जातो. त्या वेलासमोर मी कितीही वेळ उभी राहू शकते. माळ्यावर पूर्वी क्रूसावरच्या ख्रिस्ताची मूर्ती असायची. इंग्लंडच्या सहाव्या एडवर्डच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट राजाच्या, काळात अशा मूर्ती सगळीकडून काढल्या गेल्या, 1550 मध्ये दगडी वेद्या काढून टाकायचे हुकूम निघाले, 1561 मध्ये एलिझाबेथच्या राज्यात माळेच उतरवायला सांगितलं. बहुतेक ठिकाणी उतरवलेही. इथली मूर्ती गेली, पण माळा राहिला, आणि पडद्यापुढच्या दोन दगडी वेद्याही राहिल्या, वर कोरलेल्या क्रूसांसकट. मला वाटतं, एवढ्या आडबाजूला हुकूम बजावायला येणार कोण? आडबाजूच्या गोष्टी अशा वाचतात याचा मला फार आनंद होतो.

हे सगळं मी आईला सांगत होते. मागे वळून बघते तर ती पश्चिमेच्या भिंतीपुढे उभी.

तिथे तो आहे. लालसर रंगात काढलेला सांगाडा, वाळूचं घड्याळ, लांब दांड्याचा विळा आणि फावडं घेतलेला. मृत्यूच तो. चुना मारला तरी तो पुन्हा वर येतो, रक्ताने रंगवलाय, असं इथले लोक सांगतात.

"अगं, तो देव नाहीये," मी म्हटलं.

"माहितीये मला. सगळ्यांकडे येतो तो. आपल्याकडेही येऊन गेला. हात जोडायला काय होतंय?"

मला राग आला. तिथे काही बोलले नाही, गाडीतही नाही. दादाचा फोन आला तेव्हा तिने त्याला झऱ्याचं सांगितलं, वेलाचं सांगितलं, हे नाही सांगितलं. म्हणजे ते माझ्यासाठीच होतं का? की मी तिथे होते हे ती विसरलीच होती? आपल्याकडे येऊन गेला. मी तेव्हा विमानतळावर होते. ते आता नको.

रात्री पडल्या पडल्या मला स्वतःचीच दया येत राहिली. ती परत जाणार, फोनवर "बरी आहे" म्हणणार, आणि मी इथे त्या दोन शब्दांचा अर्थ लावत बसणार. तिने घाबरायला हवं होतं. नाहीतर निदान तोंड फिरवायला हवं होतं, म्हणजे तिला धीर देण्याचं काम तरी माझ्याकडे आलं असतं. तिला धीर नकोच होता. ती त्याला ओळखते. माझ्याशी त्याच्याबद्दल बोलत नाही, एवढंच. आणि मी तरी कुठे बोलू देते?

आज सकाळपासून मात्र मनात दुसरंच येतंय. बाप्तिस्म्याचं दगडी पात्र चर्चच्या त्याच टोकाला आहे. अकराव्या शतकातलं, चर्चमधलं सर्वांत जुनं. काठावर लॅटिनमध्ये कोरलंय: मेनहिरने मला गेनिलिनच्या काळात घडवलं. आईने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं होतं, मग ती सांगाड्याकडे वळली. म्हणजे तो रंगवल्यानंतर या खेड्यात ज्या ज्या मुलाच्या डोक्यावर पाणी घातलं गेलं, ते त्याच्यापासून चार पावलांवर. आईबाप, मावश्या, शेजारी, सगळे नटूनथटून उभे, आणि तो तिथेच. कोणी बारसं दुसरीकडे नेलं नाही. 1908-09 मध्ये कॅरो या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली चर्चची दुरुस्ती झाली, इतक्या हलक्या हाताने की दुरुस्ती कुठे संपते ते मला सापडत नाही. त्या दुरुस्तीनंतरही तो भिंतीवर आहेच. त्याला वगळून हे चर्च पुरं झालं नसतं, असं मला आता वाटतं.

राग गेलाय. भीती आहे, ती राहील. ती आईजवळ बोलून दाखवायची का, ते ठरत नाहीये. तिकिटाचंही बोलायचंय.

खाली ती पोळ्या करतेय. मघाशी तिला कुमयॉयच्या चर्चचं सांगितलं. इथून जवळच आहे, पायाखालचा डोंगर घसरत गेल्यामुळे सबंध इमारत पिळवटलीये, एक भिंत दुसरीशी काटकोनात नाही, आणि मनोरा पिसाच्या मनोऱ्याहून जास्त कललाय. तिने विचारलं, "तिथे अजून प्रार्थना होते?" होते, म्हटलं. "मग रविवारी जाऊ," म्हणाली, "आणि या वेळी तू जरा कमी बोल."