आमदारांना पत्र दिलं त्याची गोष्ट (माझा अनुभव)

पत्र लिहायला एक संध्याकाळ पुरली, ते द्यायलाच जीव गेला. विषय संजय गांधी निराधार योजनेचा, म्हणजे निराधारांना दरमहा पैसे देणाऱ्या राज्याच्या योजनेचा. तिची उत्पन्नाची अट तेव्हा वर्षाला 21,000 होती, म्हणजे महिन्याला 1,750. धुणीभांडी करणाऱ्या एकट्या विधवा बाईलासुद्धा याच्यापेक्षा जास्त मिळतात, मग ती निराधार नाही का? बरं 2024 मध्ये लाडकी बहीण आली तिची मर्यादा अडीच लाख, आणि पैसे तेव्हा दोन्हीकडे महिना 1,500च. हे आकडे शेजारी शेजारी टाकले, मागणी एकच ठेवली, मर्यादा वाढवा. एका पानाच्या वर जाऊ नका, कोणी उलटून बघत नाही.

मग जनसंपर्क कार्यालय. पीएनी पत्र न वाचताच विचारलं, "कोणाचं काम आहे?" म्हटलं कोणाचं नाही, नियम बदलायला हवाय. "हो पण लाभार्थी कोण? आधारची झेरॉक्स द्या, तहसीलला फोन लावतो, होऊन जाईल." माणूस वाईट नव्हता हो, मदत करायलाच बसलेला. पण त्याच्या रजिस्टरला रकाने चार, नाव, गाव, मोबाईल, कामाचं स्वरूप. शेवटच्यात त्याने "निराधार पेन्शन" लिहिलं आणि पहिल्यात माझं नाव. म्हणजे निराधार मीच! खोडा म्हटलं तर म्हणतो, "मग काय लिहू दादा, बदली, दवाखाना, ॲडमिशन, यातलं काय?" मागे रांगेतले लोक हसायला लागले. पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते साहेबांबरोबर दौऱ्यावर. पुढच्या वेळी गेलो तर टेबलावर दुसराच पोरगा, त्याला पत्र सापडेना. आणि कहर म्हणजे काही आठवड्यांनी तहसीलमधून फोन, "तुमचा निराधारचा अर्ज आलाय, उत्पन्नाचा दाखला घेऊन या." डोकंच फिरलं माझं.

त्या रागातच नवीन पत्र टाईप केलं. विषयातच ठळक अक्षरात, "वैयक्तिक काम नाही, हिवाळी अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारण्याबाबत". तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं. खाली प्रश्नच तयार करून दिला, सामाजिक न्याय मंत्र्यांना, उत्पन्न मर्यादेमुळे मागच्या वर्षी जिल्ह्यात किती अर्ज नामंजूर झाले आणि मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव आहे का. तोच पीए, पण यावेळी खुर्ची दिली, चहा सांगितला, "हे नागपूरला चालेल" म्हणत वेगळ्या फाईलला लावलं. मात्र अधिवेशनाच्या बरंच आधी द्या, प्रश्न आगाऊ पाठवावे लागतात, आदल्या आठवड्यात जाऊन उपयोग नाही.

प्रश्न काही अधिवेशनाच्या कामकाजात लागला नाही. पण आमदारांच्या लेटरहेडवर मंत्र्यांना गेलेल्या पत्राची कॉपी व्हॉट्सॲपवर आली, आणि खरं सांगतो, सगळ्या घराला दाखवली.

हां, राज्याचं आमदाराला, केंद्राचं खासदाराला, हे गडबडू नका. वृद्धापकाळ पेन्शनमध्ये 79 वर्षांपर्यंत केंद्राचा वाटा महिना 200 रुपये, 2007 पासून तेवढाच, त्यासाठी खासदारांना लिहा, शून्य प्रहरात किंवा नियम 377 खाली मांडा म्हणून (लोकसभेत लोकांचे विषय मांडायच्या या दोन वाटा). पोच मात्र आपल्या कॉपीवर शिक्का आणि तारखेसकट घ्याच, तिच्याशिवाय दुसऱ्यांदा कोणी ओळख देत नाही. आणि तुमचे आमदार मंत्री असतील तर प्रश्नाचा मसुदा देत बसू नका, मंत्री प्रश्न विचारत नाहीत, तिथे साधं निवेदनच द्या.