टाळ्या न वाजवता

डिसेंबर लागला की आमच्या शाळेतलं लॅमिनेशनचं मशीन दिवसभर तापलेलं असायचं. बाकीच्या शाळांत गॅदरिंगची तयारी म्हणजे गाणी निवडायची आणि कपडे भाड्यानं आणायचे. आमची तयारी फोटोंपासून सुरू व्हायची. स्टेजचा फोटो, पायऱ्यांचा, पडद्यामागच्या बाकाचा, माईकचा आणि शेवटी घरी नेणाऱ्या रिक्षाचा. प्रत्येक मुलाची एक पट्टी. तिच्यावर हे फोटो वेलक्रोनं लावायचे, रोज मुलाबरोबर वाचायचे आणि एकेक गोष्ट झाली की तिचं चित्र काढून डब्यात टाकायचं. पुढं काय होणार आहे हे डोळ्यांना दिसलं की ऑटिझम असलेली पुष्कळ मुलं सावरतात. त्यातही ते शेवटचं रिक्षाचं चित्र फार मोलाचं.

माझ्या पहिल्या वर्षी यातलं काही नव्हतं. अभ्यासक्रमात मी सगळं शिकले होते, पण गॅदरिंग म्हणजे गॅदरिंगसारखंच झालं पाहिजे, असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. कितीतरी आयांची मोठी लेकरं केशवराव भोसले नाट्यगृहात नाचून आलेली. धाकट्यालाही तसा स्टेज मिळावा, यात त्यांचं काय चुकलं? आम्ही शहरातलं एक सभागृह ठरवलं, हलगी बोलावली, लेझीम बसवली.

त्या ओळीत नऊ वर्षांचा एक मुलगा होता. बिद्रीजवळच्या गावातून आईबरोबर रोज एसटीनं यायचा. सरावात त्याचं एक पाऊल चुकलं नव्हतं. पडदा उघडला, दिवे डोळ्यांवर आले, स्पीकर किंचाळला आणि पाठोपाठ सगळ्या सभागृहाची टाळी पडली. लेझीम टाकून तो धावत सुटला. आम्हाला सापडला तेव्हा मेकअपच्या खोलीत बाकाखाली बसून स्वतःचं मनगट चावत होता. त्याची आई शेजारी फरशीवर बसली आणि म्हणाली, "मॅडम, ह्याला नुसतं 'घरी जायचं' एवढं जरी म्हणता आलं असतं तरी बास होतं."

पुढं आठवडाभर तो शाळेच्या दारातच बसून राहायचा. चूक आमची होती. मुलं इतर शाळांतल्या मुलांसारखी दिसावीत, म्हणून आम्ही तो कार्यक्रम बसवला होता.

पुढच्या वर्षापासून गॅदरिंग शाळेच्या अंगणात आलं. सकाळी दहाला, थंडीतल्या उन्हात, रंगीत दिव्यांशिवाय. प्रेक्षकही सरावानं वाढवत न्यायचे. पहिल्या दिवशी समोर दोन शिक्षिका, मग स्वयंपाकाच्या मावशी, मग रिक्षावाले मामा, मग थोडे पालक. सामानाची खोली रिकामी करून तिथं सतरंजी अंथरली, पडदा ओढला आणि एका आजीनं दिलेली जाड वाकळ ठेवली. गोंगाट सोसेना झाला की मुलानं तिथं जायचं, वाकळीखाली पडायचं, वाटलं तर परत यायचं. अंगावर वजन आलं की कितीतरी मुलांना बरं वाटतं. जुन्या लुगड्यांची ती वाकळ चांगली वजनदार होती.

आणि टाळ्या बंद केल्या. कर्णबधिर मंडळी करतात तसे दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. हे पालकांना पटवायला मुलांपेक्षा जास्त दिवस लागले. तालमीत वाढलेले, फेटा बांधून पहिल्या रांगेत बसणारे एक आजोबा होते. ते म्हणाले, "बाई, टाळ्याच न्हाई वाजवायच्या, तर पोरगं जितलं हे त्याला कळायचं कसं?" मी म्हटलं, "आजोबा, तो कान झाकून पळाला तर जिंकल्याचं कुणाला कळणार?" ते काही बोलले नाहीत. पण नातवाचा गोळाफेकीचा नुसता अभिनय संपला तेव्हा सगळ्यांत आधी वर गेलेले हात त्यांचे होते. बराच वेळ ते खाली आले नाहीत.

हलगी मात्र सुटली नाही. कोल्हापुरात हलगीशिवाय कार्यक्रम व्हायचा कसा? रिक्षावाल्या मामांनी आपली हलगी आणली आणि लांब आंब्याखाली हळू वाजवायला घेतली. लांबून हलगी ऐकली तरी रडणारी एक मुलगी होती. चौथ्या दिवशी ती मामांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. सहाव्या दिवशी टिपरू तिच्या हातात. गॅदरिंगला लेझीमसाठी हलगी तिनं वाजवली. आवाज तोच, पण पुढचा ठोका कधी पडणार हे आता तिला आधी ठाऊक होतं. तिला वाद्यांपासून लांब ठेवा, असं मीच तिच्या नोंदवहीत लिहिलं होतं. ते पान मी बदललं.

पाहुण्यांच्या भाषणांबद्दल थोडं सांगते. वर्षानुवर्षं ती 'या मतिमंद मुलांसाठी' अशीच सुरू व्हायची. पाहुण्यांना काय म्हणणार, सरकारी कागदावर तरी वेगळं काय होतं? १९९५ च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हता, त्यामुळं आमच्या कित्येक मुलांच्या दाखल्यावर तोच शब्द. २०१६ च्या कायद्यानं प्रकार २१ केले आणि त्यात ऑटिझमला स्वतःची जागा मिळाली. नंतरच्या एका गॅदरिंगला एक वडील मुलाचा नवा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आले होते. जेवणाच्या रांगेत दिसेल त्याला ते दाखवत होते. ऑटिझम असलेल्यांना मराठीत म्हणतात तो 'स्वमग्न' हा शब्द मात्र मला अजून पटत नाही. अंगणातल्या प्रत्येक माणसाच्या चपला कुठल्या हे ज्या मुलाला पाठ असतं, त्याला स्वतःत मग्न कसं म्हणायचं?

जेवणाला मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. शेजारच्या टेबलावर साधा भात, दही, चिरमुरे आणि फुटाणे, सगळं वेगवेगळ्या वाट्यांत, एकाला दुसरं लागू न देता. एकाही मुलाला 'थोडं तरी खा' म्हणायचं नाही, हा मावशींचा नियम. तो मोडला तर त्या वरिष्ठांनासुद्धा ऐकवायच्या.

बिद्रीजवळचा तो मुलगा पुढची दोन वर्षं अंगणाच्या कडेलाच बसला. मग तो बोलू लागला, पण एसटीच्या भाषेत. रोज संध्याकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर आईबरोबर गाडीची वाट बघायची, तिथल्या सगळ्या सूचना त्याला तोंडपाठ झालेल्या, त्या आवाजासकट. बाहेर लोक हसायचे. आम्ही त्याला माईक दिला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. लहान गटाचे लेझीम थोड्याच वेळात सुटत आहे." अंगणभर हात वर. त्याच्या पट्टीवर शेवटी रिक्षा नव्हती, लाल एसटी होती.

त्या वर्षी नऊ कार्यक्रम त्यानं ओळीनं सांगितले. बक्षिसं संपून पाहुण्यांचं भाषण सुरू झालं, लांबलं, तसा तो पायांवर डुलायला लागला. आईनं माझ्याकडं बघितलं. मी उठणार इतक्यात तो माईकजवळ गेला. पाहुणे समजूतदार, बाजूला सरकले.

"बिद्री, मुदाळ तिट्टा मार्गे गारगोटीला जाणारी बस फलाटावर लागली आहे."

लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, पुन्हा सगळे हात वर गेले. त्याची आई तोवर पिशवी खांद्याला लावून उभी होती. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ऐकलंसा न्हवं मॅडम? घरी जायचं म्हणाला."

त्यानं पट्टीवरची एसटी काढली, डब्यात टाकली आणि आईचा हात धरून फाटकाबाहेर गेला.